कॉफीचा दाणा कोणत्या मळ्यातला?

पुण्या-मुंबईत अलीकडे कॉफीची निराळ्या धर्तीची दुकाने निघाली आहेत. आत शिरावे तो भिंतीवर पाटी. तिच्यावर मळ्याचे नाव, त्याची उंची, झाडाची जात, फळ धुऊन वाळवले की सालीसकट, आणि दाणा भाजला कोणत्या तारखेला, एवढा तपशील असतो. किंमत ऐकून मात्र आपला हात खिशातच राहतो. एका पेल्याला दोनशे-अडीचशे रुपये! ही नुसती शहरी चैन, की या पाटीत शेतकऱ्याचेही काही हित आहे? मला वाटते, आहे. पण पाटी वाचता आली पाहिजे.

कॉफीचे फळ लहान बोराएवढे, पिकले की लालभडक. आत बहुधा दोन बिया, सपाट बाजूंनी एकमेकींना चिकटून बसलेल्या. खरी अडचण तोडणीची. एकाच फांदीवर हिरवी, पिवळी, लाल फळे शेजारी शेजारी असतात. सगळी फांदी ओरबाडली तर काम चटकन उरकते, पण हिरव्या फळाचा तुरटपणा पेल्यात उतरतो. नुसती लाल फळे वेचायची तर त्याच झाडाकडे तीन-चार वेळा जावे लागते, आणि प्रत्येक खेपेची मजुरी वेगळी. द्राक्षबागाईतदारांना हे मी काय सांगावे!

तोडलेल्या फळाची साल त्याच दिवशी काढायची, बीवरचा चिकट गर टाकीत अंबवून धुवायचा, मग उन्हात वाळवायचे. अंबवणे थोडे लांबले की दाण्याला आंबूस वास लागलाच. पाच-सहा किलो फळांतून हाती येतो सुमारे एक किलो दाणा. चाळणीने त्याची प्रतवारी होते. मोठ्या दाण्याला 'एए' म्हणतात. पण बोर मोठे म्हणून गोड असतेच असे नाही. म्हणून जाणकार लोक चव घेऊन गुण देतात. शंभरांपैकी ऐंशी किंवा अधिक गुण मिळाले, तर ती 'स्पेशालिटी' कॉफी.

आता एवढी मेहनत कोण करील? ज्याला वेगळा भाव मिळेल तो. आपल्याकडे १९४२ च्या कायद्याने मळेवाल्यांनी आपली कॉफी कॉफी बोर्डाच्या सामाईक साठ्यात घालायची असे ठरले होते. युद्धाने परदेशची गिऱ्हाइके तुटली होती. त्या काळी या साठ्याने लहान मळेवाल्याला मोठा आधार दिला, हे विसरता कामा नये. प्रत पाहून पैसे मिळत, तेही हप्त्याहप्त्याने. परंतु माल एकत्र झाला की मळ्याचे नाव पुसले जाई. नव्वदीच्या दशकात ही बंधने टप्प्याटप्प्याने सैल झाली आणि १९९६ पर्यंत विक्री पूर्ण मोकळी झाली. दुकानातली ती पाटी शक्य झाली ती यामुळे. आंध्रातल्या अराकू खोऱ्यात आदिवासी कुटुंबे डोंगरउतारावर, झाडांच्या सावलीत कॉफी पिकवतात. तिथल्या अरेबिकाला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच वर्षी कूर्ग, चिक्कमगळूर आणि बाबाबुडनगिरीच्या अरेबिकालाही मिळाले.

तथापि मोकळ्या बाजारात पडत्या भावाचा धक्काही मळेवाल्यालाच बसतो. आणि पाटीवर नाव आले म्हणजे पैसा मळ्यापर्यंत पोचलाच, असे समजू नये. दुकानाचे भाडे, भट्टी, दूध, नोकरांचा पगार हे सारे त्या दोनशे रुपयांतच आहे. म्हणून दुकानदाराला सरळ विचारावे: हा दाणा मळेवाल्याकडून थेट घेतला का? बाजारभावापेक्षा किती जास्त दिला? पुढच्या हंगामातही त्याच्याकडूनच घेणार का? जो उत्तर देतो, त्याची पाटी खरी मानायला हरकत नाही. पाव किलो अख्खे दाणे घेऊन घरीच दळले, तर पेला पुष्कळच स्वस्त पडतो.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. कॉफी म्हटले की मुले नकाशावर कर्नाटकाकडे बोट दाखवतात, ते बरोबरच आहे. पण आपल्या अमरावती जिल्ह्यात, चिखलदऱ्यालाही कॉफीची झाडे आहेत. सहल तिकडे गेलीच, तर मुलांना एका फांदीवरची पिकली फळे तेवढी मोजायला सांगा.