शाळेचा हिशेब कोण ठेवतं?

बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळेत खडू येतो, तांदूळ येतो, गुरुजींचा पगार होतो. याचा हिशेब कुणाकडे? मोठा व्यवहार जिल्हा परिषदेचे मुख्य लेखा व वित्त अधिकारी पाहतात, शाळांचं प्रशासन शिक्षणाधिकारी. पगाराची बिलं ‘शालार्थ’ प्रणालीतून निघतात.

गावात मात्र हे सगळं मुख्याध्यापकांच्या टेबलावर येऊन पडतं. पोषण आहाराचंच घ्या. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला 150. आज किती मुलं जेवली, किती तांदूळ शिजला, पोत्यात किती उरला, हे रोज नोंदवायचं. ‘समग्र शिक्षा’ योजनेचं शाळा अनुदान पटावर ठरतं : 30 पर्यंत पट असेल तर वर्षाला 10 हजार रुपये, 31 ते 100 असेल तर 25 हजार. खर्च शाळा व्यवस्थापन समितीसमोर मांडायचा. तिच्यात पालक बहुसंख्य असतात.

बीडची खरी कसोटी दिवाळीच्या आसपास लागते. आई-बाप ऊसतोडीला निघतात, पोरंही कोयत्यामागे जातात आणि वर्ग अर्धा रिकामा होतो. म्हणून हंगामी वसतिगृहं : मूल गावातच, आजीजवळ राहतं, जेवणाची सोय शाळेमार्फत. इथं निधी वेळेवर पोचणं फार मोलाचं. मंजुरी पौषात आली, तर पोर तोवर फडात पोचलेलं असतं.