चार तारखा
(बीबी, ता. लोणार येथील मंडळीत केलेले भाषण)



बीबीजवळच्या पारधी बेड्यावर एका आठ वर्षांच्या लेकराला मोकाट कुत्रे चावले. आईने जखमेत तिखट भरले होते. आम्ही जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुतली आणि सरकारी दवाखाना गाठला. रक्त आले होते, म्हणून लसीबरोबर जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिनही दिले. सगळे मोफत. पुढच्या तारखा मी कागदावर लिहून दिल्या: 3रा, 7वा आणि 28वा दिवस.

चूक माझी झाली. ऊसतोडीला कधी निघणार, हे मी विचारलेच नाही. शेवटच्या डोसच्या दिवशी बेडा रिकामा! मुकादमाला फोन लावला आणि फडाजवळच्या आरोग्य केंद्रात तो डोस झाला. लेकरू बरे आहे. देवाची स्तुती असो. पण रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही.

कुत्री मारून हा रोग जात नाही. त्यांच्या जागी दुसरी येतात. गावातल्या 70 टक्के कुत्र्यांना दरवर्षी लस दिली, की साखळी तुटते. गोव्याने कुत्र्यांच्या लसीकरणावरच भर दिला. 2021 मध्ये ते देशातले पहिले रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले.

लाजर दारात पडला होता, कुत्री त्याचे फोड चाटत होती. उघड्या जखमेला कुत्रे चाटले तरी लस लागते. श्रीमंताने दाराबाहेर पाहिले नाही. आपण पाहू या. कुणाला कुत्रे चावले, तर त्याच्या चार तारखा आपल्या घरच्या कॅलेंडरवर लिहा आणि त्या दिवशी सोबत जा.