लस आईच्या सवडीने



सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम आपल्या देशात १९८५ साली सुरू झाला. लस मोफत मिळते. तरीही २०२२ साली मुंबईत गोवंडीसारख्या वस्त्यांत गोवराची साथ उसळली व लहान मुले दगावली. अशा वेळी आईबापांच्या अज्ञानाला दोष दिला जातो. आम्हांला हे निदान अपुरे वाटते.

धुणीभांडी करणारी आई सकाळीच घर सोडते. लसीकरणाची वेळ बहुधा तिच्या कामाचीच. जन्मावेळच्या लसी सोडल्या तरी दीड, अडीच, साडेतीन व नऊ महिने आणि पुढे दीड वर्ष, अशा पाच खेपा होतात. म्हणजे पाच खाडे. त्यातून "आज गोवराची कुपी उघडणार नाही, पुढच्या वेळी या" असे ऐकावे लागले, तर ती पुन्हा कशी येणार?

यामागचे कारणही समजून घेऊ. गोवर-रुबेलाच्या एका कुपीत अनेक मुलांचे डोस असतात. ती उघडून द्रावात मिसळली की चार तासांत संपवावी लागते, उरलेली लस फेकावी लागते. म्हणून मुले जमेपर्यंत थांबण्याकडे कल होतो. परंतु एका मुलासाठीही कुपी उघडावी, अशीच शासनाची सूचना आहे. वाया गेलेल्या लसीपेक्षा परत गेलेले मूल समाजाला महाग पडते.

१९९५ पासून पल्स पोलिओचे बूथ वस्तीत आले, बहुधा रविवारी. राहिलेल्या मुलांसाठी कार्यकर्ते घरोघर गेले. २०१४ साली भारत पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. सोय झाली की आई मागे राहत नाही, हे आपण पाहिले आहे.

म्हणून आपण तीन कामे अंगावर घेऊ. पहिले, महिन्यातील एका रविवारी आपले सभागृह लसीकरणासाठी देऊ व तसे पत्र महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांना देऊ. दुसरे, कर्जाचा हप्ता थकला की बँकेची चिठ्ठी घरी येते. तशीच विद्यार्थ्यांनी वस्तीतील बाळांची वही ठेवावी आणि तारखेच्या आदल्या दिवशी घरी निरोप द्यावा. तिसरे, आयांना धीर द्यावा: तारीख हुकली तरी राहिलेला डोस घेता येतो, पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, साध्या सर्दीसाठी लस टाळू नये, गावी जाताना कार्ड सोबत न्यावे.

आईला सवड नसेल, तर आपली सवड तिला देऊ.