जुने दुखणे आणि नवा अपघात
(मंडळाच्या सभेत दिलेले भाषण)



धड गुडघा, धड कंबर आणि धड डोळा असा तिहेरी योग पुढच्या दोन रांगांतील किती सभासदांना साधला असेल, याची आम्हांस शंकाच आहे. अशा देहाला रस्त्यात मोटार धडकली आणि मूळचे दुखणे बळावले, तर भरपाई मागता येते काय? ‘ते तर आधीचेच होते’ असे म्हणून विमा कंपनीचा वकील हात झटकतो आणि पुष्कळ लोक तेथेच खचतात.

कायद्याचे उत्तर निराळे आहे. धडक देणाराने समोरचा मनुष्य जसा असेल तसा पत्करला पाहिजे; त्याची कवटी अंड्याच्या टरफलासारखी नाजूक होती ही सबब चालत नाही. इंग्रजी निवाड्यांतून हे तत्त्व आपल्याकडे आले. त्याच्याच शेजारचा एक निवाडा मोठा बोलका आहे. लंडनमधील एका नगरसंस्थेच्या गॅरेजात काम करणाराचा एक डोळा युद्धातील हल्ल्यात निकामी झाला होता. १९४२ साली गाडीचा बोल्ट ठोकताना कपची उडून दुसराही गेला. अशा कामाला संरक्षक चष्मे देण्याची रीतच नाही, हा मालकाचा बचाव हाउस ऑफ लॉर्ड्सने डिसेंबर १९५० मध्ये बहुमताने अमान्य केला. एकच डोळा उरल्याचे ठाऊक असताना काळजीही अधिक घ्यावयास हवी होती. आपल्या १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या परिशिष्टातही एका डोळ्याबद्दल ४० टक्के हानी धरली गेली, ती ‘दुसरा डोळा धड असल्यास’ या अटीवर.

२०१० साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, दाखल्यावरील अपंगत्वाचे टक्के म्हणजेच कमाईची हानी नव्हे. डावा हात गेल्यास सुताराचा किंवा ड्रायव्हरचा धंदाच बसतो. सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. (आम्हां कलमबहाद्दरांनी यात फुशारकी मानण्याचे कारण नाही.)

मात्र भरपाई मिळते ती बळावलेल्या भागाची. मूळ दुखण्याची नव्हे. आणि येथेच लोक घात करून घेतात. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांना देवराज मार्केटपाशी स्कूटरने उडवले. गुडघ्यावर पूर्वी झालेली शस्त्रक्रिया त्यांनी अर्जात दडवली. विरुद्ध पक्षाने जुने कागद हुडकून काढले. मग त्यांच्या खऱ्या बोलण्यावरही कोणी विश्वास ठेवीना. औषधांच्या बिलांपलीकडे हाती फारसे काही लागले नाही. वास्तविक त्याच गुडघ्याने ते अपघाताच्या आदल्या महिन्यापर्यंत चामुंडीच्या पायऱ्या चढून नंदीपर्यंत जात. हेच सांगावयाचे होते! सोबत चढणारे साक्षीदार होते, जुना एक्स-रे होता. तो नव्याशेजारी ठेवून डॉक्टरांना साक्षीस बोलावले असते, तर जुने किती आणि नवे किती हे न्यायाधीशांपुढे आले असते.

अर्जाला विलंब करू नये. २०१९ च्या दुरुस्तीने घातलेली सहा महिन्यांची मुदत १ एप्रिल २०२२ पासून अमलात आली. तिच्यावर वाद झाले, तरी त्या वादांच्या भरवशावर कोणी राहू नये. अपघात कोल्हापुरास किंवा पंढरपूरच्या वाटेवर झाला, तरी तिकडे खेटे घालण्याची गरज नाही. अर्जदार जेथे राहतो तेथील न्यायाधिकरणापुढे, म्हणजे आपल्यासाठी येथे म्हैसुरातच, अर्ज करता येतो.