पाणी मुरतं किती वेगानं?

जमिनीतून पाणी किती सहज जातं हे मोजायच्या पद्धतींवर मला बोलायचं आहे. घरच्या दोन कुंड्या आठवा. एकीत घातलेलं पाणी लगेच तळातून येतं, दुसरीत वरच साचून राहतं. आपल्याला मोजायचा आहे तो हाच फरक.

प्रयोगशाळेत नळकांड्यात माती घेऊन तिच्यातून पाणी सोडतात. फ्रान्सच्या दिजों शहरात आंरी दार्सी या अभियंत्यानं वाळूतून पाणी सोडून मांडलेला नियम १८५६ साली छापला गेला. आजही आपण तोच वापरतो. पण नळकांडं एवढंसं. त्यात गांडुळाचं एखादं बीळ आलं तर आकडा फुगतो, नाही आलं तर पडतो.

म्हणून मी शेतात दोन कडी ठोकतो. आतलं साधारण ३० सेंटीमीटर व्यासाचं, बाहेरचं ६०. दोन्हींत पाणी सारख्या उंचीला ठेवायचं, पण मोजायचं आतलंच. बाहेरचं कशाला? पाणी आडवंही पसरतं. ते पसरणं बाहेरचं पाणी सांभाळतं आणि आतलं सरळ खाली जातं. पुन्हा सांगतो, मोजायचं आतलंच.

आता काळं रान घ्या. उन्हाळ्यात हातभर भेगा असतात, पाणी गटागट पितात. अर्ध्या तासात माझे विद्यार्थी वही मिटतात, "सर, निचरा उत्तम!" अरे, थांबा! चिकणमाती भिजली की फुगते, भेगा मिटतात, वेग घसरत जातो. तो एका जागी ठरेपर्यंत बसायचं, दोन तास लागोत की चार. भारी चिकणमातीत तो तासाला १ ते ५ मिलिमीटरवर येतो. वाळूत ३० च्या वर असतो. तासाला ५ मिलिमीटर पिणाऱ्या रानात रात्रभर पाट सोडून झोपणं बरं नव्हे, हेही सांगतो. मुळांना हवा लागते, वाफसा लागतो.

तिसरी पद्धत गिरमिटाची. सांगली-कोल्हापूरकडच्या चोपण, पाणथळ रानांत ती कामाची. भोक पाडायचं, साठलेलं पाणी उपसायचं आणि ते पुन्हा किती वेगानं चढतं ते पाहायचं. पाणी वर आलेलं असेल तिथेच ती चालते. तिच्यावर बरंच बोलायचं होतं, पण वेळ संपत आलाय.

एवढं मात्र करा. दोन्ही तोंडं कापलेला पत्र्याचा मोठा डबा रानात ठोका, भोवतीची माती भिजवा, डब्यात पाणी भरा आणि ते किती उतरतं ते पट्टी लावून मोजा. एकदा पावसाआधी, एकदा रान भिजल्यावर. दोन्ही आकडे वहीत लिहून ठेवा.