परतलेल्या माणसाचे स्वागत

बडोदे शहराच्या उत्तरेला छाणी नावाची वस्ती आहे. पूर्वी ते स्वतंत्र गाव होते. आता शहर वाढत वाढत त्याच्या अंगणापर्यंत आले आहे, आणि तेथील रेल्वे स्टेशन छायापुरी या नव्या नावाने ओळखले जाते. जैन समाजात मात्र छाणीचे जुने नावच आदराने घेतले जाते. या लहानशा गावातून अनेक तरुणतरुणींनी दीक्षा घेऊन घर सोडले. येथील ग्रंथभांडारातील बाराव्या शतकातील सचित्र ताडपत्री पोथीही अभ्यासकांना सुपरिचित आहे. दीक्षा घेणाऱ्याची मिरवणूक निघते, आप्तेष्ट डोळे पुसतात आणि दारातून निघालेले पाऊल पुन्हा संसारासाठी त्या दारात येत नाही. साधू पुढे कधी विहार करीत त्या गावी आलाच, तर तो पाहुणा म्हणूनही येत नाही; भिक्षेकरी म्हणून येतो.

धर्मासाठी घर सोडणाऱ्याला निरोप कसा द्यावा, हे अशा गावाला शिकवावे लागत नाही. परंतु जो धर्मकार्यासाठी दूर जातो आणि परत येतो, त्याचे काय? अलीकडे चर्चच्या सेवाकार्यासाठी तरुणांचे लहान लहान गट परदेशी जातात. पंधरा दिवस, महिनाभर, फार तर वर्षभर तेथील शाळांत, दवाखान्यांत, वस्त्यांत राबतात आणि मित्रांसह हसतखेळत घरी येतात. स्टेशनावर हार असतात, घरी गोडधोड असते. चार दिवसांनी मात्र शेजारी सहज विचारतो, “मग, तिकडे काय करून आलात?” या साध्या प्रश्नापुढे परतलेला माणूस पुष्कळदा निरुत्तर होतो. सांगण्यासारखे फारसे घडलेले नसते. आणि जे घडलेले असते, ते सांगण्यासारखे नसते.

या प्रश्नाचा विचार करताना पाच अमेरिकन मित्रांची हकीकत आठवते. महाराष्ट्राशी तिचा निकटचा संबंध आहे, कारण त्या पाचांपैकी तिघे मुंबईत येऊन राहिले आणि मराठी शिकले.

तिचा आरंभ १८०६ सालच्या ऑगस्ट महिन्यात झाला. अमेरिकेतील विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी प्रार्थनेसाठी गावाबाहेर जमले असता वादळी पाऊस आला आणि त्यांनी गवताच्या गंजीच्या आडोशाला आसरा घेतला. त्या गंजीखाली सॅम्युएल मिल्स या तरुणाने आशिया खंडात ख्रिस्ती धर्माचा प्रसार करण्याची कल्पना बोलून दाखविली. पुढे अँडोव्हरच्या धर्मशिक्षण-विद्यालयात तिला नवे सोबती मिळाले. १८१० साली या विद्यार्थ्यांनी वडीलधाऱ्यांपुढे अर्ज ठेवला, आणि परदेशी सेवाकार्यासाठी अमेरिकन बोर्ड ही संस्था निघाली. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम गावच्या चर्चमध्ये ॲडोनायरम जडसन, सॅम्युएल न्यूएल, सॅम्युएल नॉट, गॉर्डन हॉल आणि ल्यूथर राईस या पाच जणांना दीक्षा देण्यात आली. त्यांपैकी कोणीही तिशी गाठलेली नव्हती.

दोन जहाजांतून ही मंडळी निघाली. जडसन आणि न्यूएल आपापल्या पत्नींसह सेलमहून निघाले. नॉट आणि त्याची पत्नी, हॉल व राईस हे फिलाडेल्फियाहून निघाले. पहिले जहाज जूनच्या मध्यास कलकत्त्याला लागले, दुसरे ऑगस्टमध्ये. पण येथे त्यांच्यासाठी कोणी हार घेऊन उभे नव्हते. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात पाद्री नको होते, आणि जून १८१२ मध्ये अमेरिका व इंग्लंड यांच्यात युद्धही सुरू झाले. देश सोडून जाण्याचा हुकूम सुटला आणि पाच मित्रांची पांगापांग झाली.

न्यूएल आपल्या पत्नीसह मॉरिशसकडे निघाला. हॅरिएट न्यूएल तेव्हा अवघी एकोणीस वर्षांची होती. जहाजावरच ती प्रसूत झाली. मूल गेले, आणि ३० नोव्हेंबर १८१२ रोजी त्या बेटावर तीही गेली. जडसन आणि राईस यांचे बाप्तिस्म्यासंबंधीचे मत प्रवासात आणि कलकत्त्यात बदलले व ते बॅप्टिस्ट पंथात गेले. ज्या संस्थेने त्यांना पाठविले होते तिचा आश्रय त्यामुळे सुटला. नव्या पंथाच्या लोकांकडून मदत उभी करण्यासाठी राईस १८१३ साली मायदेशी परतला. तो पुन्हा पूर्वेकडे येणार होता, पण येऊ शकला नाही. गावोगाव हिंडून इतरांच्या कार्यासाठी निधी जमविण्यातच त्याचे आयुष्य सरले आणि १८३६ साली तो वारला. जडसन रंगूनला जाऊन राहिला.

हॉल आणि नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईस आले. मुंबईचे गव्हर्नर सर इव्हान नेपियन हे स्वभावाने सौम्य होते, परंतु वरून आलेला हुकूम मोडणे त्यांच्या हाती नव्हते. दोघांना इंग्लंडला रवाना करण्याचे ठरले. ते गुपचूप जहाजाने कोचीनपर्यंत गेले, तेथून त्यांना परत आणले गेले. अखेर १८१३ संपता संपता त्यांनी गव्हर्नरांच्या सदसद्विवेकबुद्धीलाच आवाहन करणारे पत्र लिहिले, आणि त्यांची रवानगी टळली. त्याच वर्षी कंपनीची सनद नवी होताना पार्लमेंटने मिशनऱ्यांना वाट मोकळी केली होती. पुढे लवकरच न्यूएलही सिलोनहून येऊन त्यांना मिळाला. पाचांपैकी तीन मित्र पुन्हा एका छपराखाली आले. त्यांनी मराठीचा अभ्यास आरंभिला आणि १८१५ च्या सुमारास देशी मुलांसाठी शाळाही काढली.

आणि नेमक्या याच वेळी, जेव्हा कामाला कोठे आकार येऊ लागला होता, तेव्हा नॉटच्या प्रकृतीने दगा दिला. १८१५ साली त्याने पत्नीसह मुंबई सोडली. मायदेशातून निघाल्यापासून चार वर्षेही पुरी झाली नव्हती, आणि त्यांतली कितीतरी अर्ज-विनंत्यांत, जहाजांवर आणि नजरकैदेसारख्या अवस्थेत गेली होती.

नॉट गेल्यानंतर काय घडले, ते पाहिले म्हणजे त्याच्या परतण्यातील सल ध्यानी येते. पुढच्याच वर्षी मुंबईत नवे सहकारी आले, छापखाना आला, आणि १८१७ मध्ये त्यावर पहिली मराठी पुस्तिका छापून निघाली. १८२४ साली या मिशनने मुंबईत मुलींची शाळा सुरू केली. या मंडळींनी केलेले नव्या कराराचे मराठी भाषांतर १८२६ साली छापून पूर्ण झाले. अहमदनगरचे कार्य, ‘ज्ञानोदय’ पत्र, सिंथिया फरार बाईंच्या कन्याशाळा हे सारे पुढचे. बी पेरताना जो हजर होता, तो पिकाच्या वेळी हजारो कोसांवर होता.

मागे राहिलेल्यांनी या पिकाची किंमत प्राणांनी दिली. न्यूएल ३० मे १८२१ रोजी मुंबईत पटकीने वारला. गॉर्डन हॉलने १८२५ साली पत्नी व दोन मुले यांना प्रकृतीसाठी अमेरिकेला पाठविले. माणसे कमी म्हणून तो स्वतः मात्र मागे राहिला. त्या मुलांपैकी एक वाटेतच दगावले. पुढच्या मार्चमध्ये हॉल नाशिकच्या बाजूस फिरतीवर गेला. तेथे पटकीची साथ होती. जवळची औषधे त्याने लोकांना वाटून टाकली. परतीच्या वाटेवर एका खेड्यातील देवळाच्या ओसरीवर तो झोपला असता त्याच रोगाने त्याला गाठले, आणि २० मार्च १८२६ रोजी तेथेच त्याचा अंत झाला. घरी परतणे त्याच्याही मनात असेलच; पण ते त्याच्या वाट्याला आले नाही. ज्याच्या मनात ही कल्पना प्रथम आली, तो मिल्स तर त्यापूर्वीच, १८१८ साली, आफ्रिकेहून घरी परतताना समुद्रावरच मरण पावला होता.

अशा मित्रांच्या मृत्यूच्या वार्ता नॉटला एकामागून एक ऐकाव्या लागल्या असतील. तो मॅसॅच्युसेट्समधील वेअरहॅम या लहान गावात धर्मोपदेशक होता. रविवारची उपासना, लग्ने, बारशी, अंत्यविधी हे त्याचे कार्य. ज्यांनी समुद्रापार देह ठेवला त्यांची चरित्रे छापली जात होती. हॅरिएटची स्मरणिका तर घरोघरी वाचली जात होती. परत आलेल्या माणसाचे चरित्र कोण छापणार?

याचे उत्तर देणारा प्रसंग १८४५ च्या ऑक्टोबरात बोस्टन शहरी घडला. तेहतीस वर्षांनंतर जडसन प्रथमच मायदेशी आला होता. ब्रह्मदेशात त्याने कारावास भोगला होता, सबंध बायबल ब्रह्मी भाषेत आणले होते, आणि पहिली पत्नी व अनेक अपत्ये मातीआड केली होती. दुसरी पत्नी सारा आजारी, तिला हवापालट व्हावा म्हणूनच हा प्रवास होता. परंतु सेंट हेलेना बेटाशी जहाज असताना १ सप्टेंबरला ती गेली. तिला तेथे पुरून, तीन मुलांना घेऊन तो बोस्टनला उतरला. छाती अधू झाल्यामुळे त्याचा आवाज क्षीण झाला होता, आणि इतक्या वर्षांत मातृभाषेत व्याख्यान देण्याची सवयही सुटली होती. स्वागतसभेत तो हळू स्वरात एकेक वाक्य बोले व दुसरे गृहस्थ ते मोठ्याने सांगत.

त्या गर्दीतून एक वृद्ध होत चाललेला गृहस्थ वाट काढीत पुढे आला. तो सॅम्युएल नॉट होता. सेलमच्या चर्चमध्ये ज्या पाचांच्या मस्तकांवर हात ठेवले गेले होते, त्यांपैकी आता हे दोघेच उरले होते. सर्व सभेच्या देखत दोघांनी एकमेकांना मिठी मारली.

या भेटीत एकाने तेहतीस वर्षांचा हिशेब मांडला नाही आणि दुसऱ्याने आपल्या तीन वर्षांची लाज बाळगली नाही. दोघांचे पंथही एव्हाना निराळे होते. जडसनला त्या क्षणी जे हवे होते ते कीर्ती देऊ शकत नव्हती. हॅरिएट, न्यूएल, हॉल, राईस यांना तरुणपणी पाहिलेला माणूस त्याला हवा होता. तो माणूस जिवंत होता, कारण तो परत आला होता. नॉट मुंबईतच राहता, तर बहुधा त्यालाही एखाद्या साथीने नेले असते, आणि जडसनला मायदेशात असा एकही मित्र भेटला नसता.

जडसनसंबंधी आणखी एक गोष्ट सांगितली जाते. एका सभेत त्याने ख्रिस्ताविषयी साधे चार शब्द सांगून भाषण संपविले. दूर देशाहून आलेल्या माणसाकडून अद्भुत कथा ऐकावयास मिळेल, अशी लोकांची अपेक्षा होती. ती पुरी झाली नाही, असे त्याला कोणीतरी सुचविले. त्यावर, आपल्याला ठाऊक असलेली सर्वांत उत्तम कथाच आपण सांगितली, अशा अर्थाचे त्याचे उत्तर होते. परतलेल्या माणसाकडून नवलकथा मागणारे लोक त्या काळीही होते.

जुलै १८४६ मध्ये जडसन पुन्हा ब्रह्मदेशाकडे निघाला आणि १२ एप्रिल १८५० रोजी समुद्रावर मरण पावला. त्याची समाधी कोठेच नाही. नॉट मात्र १८६९ पर्यंत जगला. शेवटची एकोणीस वर्षे पाचांची स्मृती एकट्या त्याच्यापाशी होती.

वसईचा गोन्सालो गार्सिया जपानमध्ये १५९७ साली सोबत्यांसह क्रुसावर गेला आणि १८६२ साली संतपदास पोचला. त्याचे नाव घेताना वसईकराचा ऊर भरून येतो, आणि तो यावाच. न परतलेल्यांचा मान मोठा आहे. पण प्रत्येक गावात न परतलेल्या एकामागे परतलेले पुष्कळ असतात. कोणी आजारपणामुळे येतो, कोणी आईवडिलांसाठी येतो, कोणाची मुदतच संपते. त्यांची तीन वर्षे किंवा तीन आठवडे व्यर्थ गेले, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही, कारण बीज केव्हा रुजते हे पेरणाऱ्याला सहसा दिसत नाही.

म्हणून छायापुरीच्या स्टेशनावर असा एखादा तरुण मित्रांसह उतरेल, तेव्हा घरच्यांनी त्याला काय करून आलास हे विचारण्याची घाई करू नये. त्याला पोटभर जेवू घालावे आणि सोबत कोण कोण होते, ते विचारावे. त्या नावांपासून तो आपोआप बोलू लागेल. आणि पुढे कधी त्या मित्रांपैकी कोणी थकून, दुःखी होऊन दारात उभा राहिला, तर त्याला ओळखणारे एक घर तरी छाणीत असेल.