सर्वांत मागचा जिथे, तिथे सहल

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



ज्या सभागृहात मी एकेकाळी पाठांतर विसरून खाली बसलो, तिथेच आज मला बोलायला उभे केले आहे. हा शाळेचा मोठेपणा. विषय मात्र संयोजकांनी माझ्यावर सोपवला, म्हणून जे स्वतः अनुभवले तेच सांगणार आहे. मनाली ते लेह या हिमालयातल्या रस्त्यावरचा सायकल प्रवास, आणि त्या प्रवासात पुन्हा भेटलेली आपली शाळा.

रायपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटर उंचीवर आहे. भाताच्या खाचरांत वाढलेल्या आपल्या माणसाला घाट म्हटला की केशकाल आठवतो. कांकेरकडून बस्तरकडे जाताना लागणारी ती वळणे मालमोटारींच्या मागे राहून आपण सर्वांनी मोजलेली आहेत. घाटाचा सराव आम्ही तिथेच केला, पण निवांतपणा तिथे नाही. तो पहिल्यांदा मिळाला सरगुजातल्या मैनपाटावर. १९६०च्या दशकात वसलेल्या तिबेटी वसाहतींमुळे तिथल्या पठारावर प्रार्थनेच्या रंगीत पताका फडफडत असतात. त्या पाहूनच वर्गमित्राने मला विचारले, "ह्या पताका जिथून आल्या, तिकडे सायकलने जायचे का रे?" तेव्हा आम्ही दोघेही पन्नाशी ओलांडलेले होतो.

सायकलवाल्याला उंच पर्वतात निवांत रस्ता मिळणे ही दुर्मीळ गोष्ट. युरोपातल्या आल्प्समध्ये २,७५७ मीटर उंचीच्या स्टेल्व्हिओ खिंडीसारखे काही घाट वर्षातून एखादा दिवस मोटारींना बंद ठेवतात, आणि त्या दिवशी हजारो सायकलस्वार तिथे लोटतात. आपल्याकडे असा एक रस्ता वेगळ्याच कारणाने निवांत झाला. ३ ऑक्टोबर २०२० रोजी रोहतांगच्या पोटातून जाणारा नऊ किलोमीटरांचा अटल बोगदा सुरू झाला. मनाली-लेह अंतर ४६ किलोमीटरांनी घटले आणि लेहकडे जाणारी अवजड वाहतूक बोगद्यात शिरली. पलचान गावापाशी रस्ता फुटतो. बहुतेक गाड्या सोलंगच्या बाजूला बोगद्याकडे वळतात. कोठी, गुलाबा, मढीवरून ३,९७८ मीटर उंचीच्या रोहतांगला जाणारा जुना रस्ता मागे उरतो. तिकडे जाणाऱ्या पर्यटकांच्या मोटारींना परवाना लागतो आणि त्यांची रोजची संख्या ठरलेली आहे. भल्या पहाटे निघाले, तर तासन्‌तास सायकलच्या चेनचा आवाज आणि आपला श्वास, एवढेच ऐकू येते. देवदार मागे पडतात, मग भूर्जवृक्ष संपतात, मग गवतही विरळ होते. वळणावर थांबून खाली पाहावे, तर सकाळी सोडलेला रस्ता दोरा टाकावा तसा दरीत पडलेला दिसतो.

आता माझ्या चुकीकडे येतो. ती सांगितल्याशिवाय हे वर्णन खोटे ठरेल.

आम्ही पहिल्यांदा गेलो २०२२च्या सप्टेंबरमध्ये. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात पुण्याच्या प्रीती मस्के यांनी लेह ते मनाली हे अंतर सायकलवर सुमारे ५५ तासांत पार केल्याची बातमी मी वाचली होती. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी, बारा दिवसांच्या मुदतीची शर्यत एकट्याने पूर्ण केली, हेही ठाऊक होते. ही माणसे वर्षानुवर्षे शरीर घडवतात, आणि त्यांच्यामागे मदतीचे पथक असते. मी बातमीतला वेग तेवढा उचलला, तयारी उचलली नाही. परतीचे विमानाचे तिकीट आधीच काढून ठेवले होते. केलाँगला एक दिवस विश्रांती घ्यायची, असे ठरलेले असताना मीच ती रद्द करवली आणि केलाँगहून निघून एका दिवसात झिंगझिंगबार गाठले. केलाँग सुमारे ३,१०० मीटरांवर, झिंगझिंगबार सुमारे ४,२०० मीटरांवर. म्हणजे एका रात्रीत मुक्काम अकराशे मीटर वर सरकला.

उंचीचे शास्त्र कठोर पण सोपे आहे. पाच हजार मीटरांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच अधिक उरतो. तिथे पाणी ८३ अंशांच्या आसपासच उकळते आणि डाळ शिजता शिजत नाही. शरीराला ह्या विरळ हवेची सवय होते, पण ते आपल्या वेळापत्रकाने नव्हे, स्वतःच्या गतीने. म्हणून तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा रोज साधारण पाचशे मीटरांहून अधिक वर नेऊ नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, असा दंडक आहे. दिवसा कितीही चढा, महत्त्व रात्रीच्या उंचीला. ह्या रस्त्यावर धोका आणखी आहे. बारालाचा ओलांडून सरचूला पोहोचलेला माणूस दोन्ही बाजूंनी त्याहून उंच खिंडींत अडकतो. प्रकृती बिघडून खाली उतरायचे म्हटले, तरी आधी चढावे लागते.

त्या संध्याकाळी तंबूत माझे डोके ठणकत होते. जेवण नकोसे झाले होते. मित्राने विचारले, तेव्हा मी म्हणालो, "काही नाही, ऊन लागले." हे मी खोटे बोललो. रात्री उलटी झाली. पहाटे बाहेर आलो, तर बुटाची नाडी बांधता येईना. मित्राने काही न बोलता टाचेने जमिनीवर एक रेघ ओढली आणि म्हणाला, "शाळेत कवायतीला चालायचास तसा ह्या रेघेवरून चाल. टाचेला अंगठा लावून." मी चार पावले टाकली आणि आडवा झालो. दारू प्यायल्यासारखा तोल जाणे ही मेंदूला सूज येत असल्याची खूण असते, आणि त्यावर पहिला उपाय एकच, ताबडतोब खाली उतरणे. हे दोघांनीही निघण्यापूर्वी वाचले होते. त्या क्षणी ते आठवले ते त्याला.

आमच्या गटात आणखी चौघे होते. त्यांनी पुढे जायचे ठरवले आणि मित्रालाही आग्रह केला. मला मालमोटारीत बसवून देता आले असते. तो सर्वांत ठणठणीत होता, लेह त्याच्या आवाक्यात होते. त्याने दोन्ही सायकली मालमोटारीच्या मागे चढवल्या आणि माझ्या शेजारी येऊन बसला. केलाँगला डॉक्टरांनी तपासून सांगितले की आता ह्या खेपेला वर जायचे नाही. मी त्याची क्षमा मागू लागलो, तेव्हा तो एवढेच म्हणाला, "सर्वांत मागचा जिथे, तिथे सहल. विसरलास?"

हे वाक्य आपल्या शाळेचे आहे.

१९८५ साली, आम्ही नववीत असताना, भूगोलाच्या सरांनी आमची सायकल सहल राजिमला नेली होती. आपले शहर तेव्हा मध्यप्रदेशात होते. निम्म्या मुलांच्या सायकली भाड्याच्या होत्या. अभनपूरवरून, छोट्या रेल्वेच्या सोबतीने जाणारा तो पंचेचाळीस किलोमीटरांचा रस्ता आम्हाला काशीयात्रेसारखा वाटला. महानदी, पैरी आणि सोंढूर यांच्या संगमावर कुलेश्वराच्या पायऱ्यांवर बसून डबे खायचे, असा बेत होता. आम्ही चार-पाच जण वेगाने पुढे गेलो आणि तासभर आधी पोहोचलो. सर सर्वांत शेवटी आले, चेन तुटलेल्या एका मुलाबरोबर सायकल हातात धरून चालत. ते रागावले नाहीत. म्हणाले, "तुम्ही संगमावर पोहोचलात, पण सहल अजून रस्त्यावर होती. सर्वांत मागचा जिथे असतो, तिथे सहल असते." चेन तुटलेला तो मुलगा हाच माझा मित्र, आणि पुढे पळालेल्यांत मी होतो. सदतीस वर्षांनी हिशेब पुरा झाला.

दोन वर्षांनी, २०२४च्या सप्टेंबरमध्ये, डॉक्टरांचा सल्ला घेऊन आम्ही पुन्हा गेलो. ह्या वेळी परतीचे तिकीट काढले नव्हते. मढी, सिस्सू, केलाँगला दोन रात्री, मग जिस्पा, पटसेव, आणि सहाव्या नव्हे तर सातव्या रात्री झिंगझिंगबार. मनालीहून लेहला पोहोचायला तेरा दिवस लागले. पुढचे सर्वांत लहान चक्र, मागचे सर्वांत मोठे, आणि ताशी पाच-सहा किलोमीटरांचा वेग. ह्या वेगाने जाताना जे दिसते, ते मोटारीतून दिसत नाही. तांडीला चंद्रा आणि भागा यांचा संगम होतो. दोन पाण्यांचे दोन रंग काही अंतर शेजारी शेजारी वाहतात. तिथे आम्हाला राजिम आठवले. दुपारी ऊन तापले की बर्फ वितळून नाल्यांचे पाणी रस्त्यावर चढते, म्हणून नाले सकाळीच ओलांडायचे, हे आम्ही ढाबेवाल्यांकडून शिकलो. बारालाचाच्या अलीकडचे सूरजताल आम्ही अर्धा तास नुसते पाहत बसलो. गाटा येथील एकवीस वळणे चढताना प्रत्येक वळणावर आम्ही थांबत होतो आणि त्याची लाज वाटत नव्हती. पांगच्या पुढे मोरेचे मैदान लागते. सुमारे ४,७०० मीटर उंचीवर चाळीसेक किलोमीटर सपाटी! सपाट मुलुखातल्या आम्हा दोघांना तिथे माहेरी आल्यासारखे वाटले. दुपारी समोरून वारा सुटला, तेव्हा ते माहेर सासर झाले, हेही सांगितले पाहिजे. शेवटी सुमारे ५,३०० मीटर उंचीचा तांगलांग ला, आणि मग सिंधूच्या काठाने लेह. तांगलांगच्या माथ्यावर मित्र माझ्या आधी वीस मिनिटे पोहोचला होता. तो माथ्यावर नव्हता. शेवटच्या वळणावर दगडावर बसून माझी वाट पाहत होता. फलकापाशी आम्ही दोघे बरोबर गेलो.

असे निवांत रस्ते आणखी होतील. दारचाहून झांस्करकडे नेणाऱ्या शिंकू ला खिंडीखाली नवा बोगदा खोदायला २०२४च्या जुलैमध्ये आरंभ झाला आहे. तो झाला की वरचा रस्ताही पायी आणि सायकलने जाणाऱ्यांच्या वाट्याला अधिक येईल. ज्यांना जायचे आहे, त्यांनी जरूर जावे. फक्त एक-दोन दिवस जास्त घेऊन जावे, आणि डोके दुखले तर सोबत्याला खरे सांगावे.

पालकांना एक विनंती करून थांबतो. आमच्या वेळी ह्या आवारातला सायकलतळ भरून वाहत असे. आज तिथे मोटारसायकली अधिक दिसल्या. रस्ते धोक्याचे झाले, तुमची काळजी खोटी नाही. पण मुलाला स्वतःच्या पायांनी दूर जाणे आणि मागे राहिलेल्यासाठी थांबणे, ह्या दोन्ही गोष्टी वर्गात बसून शिकवता येत नाहीत. म्हणून आम्ही दोघांनी मुख्याध्यापकांपुढे एक प्रस्ताव ठेवला आहे. येत्या हिवाळ्यात नववीच्या मुलामुलींना घेऊन राजिमची सायकल सहल पुन्हा सुरू करावी. आधी काही रविवार नवा रायपूरच्या रुंद रस्त्यांवर सराव करू, पहाटेची निवांत वाट आम्ही स्वतः फिरून ठरवू. ज्यांच्याकडे सायकल नाही त्यांच्यासाठी दहा सायकलींची व्यवस्था आमच्या वर्गाने पत्करली आहे. पुढे माझा मित्र असेल. सर्वांत मागे मी असेन. ती जागा मी मागून घेतली आहे.

आपले भूगोलाचे सर आज हयात नाहीत. असते, तर ह्या सभागृहातल्या शेवटच्या रांगेत बसले असते. त्यांना आणि आपल्या शाळेला वंदन करून मी आपली रजा घेतो.